मोहफुलांच्या दिवसांतली रीडमी

परवा गावाहून चंद्रपूरला परत येताना मूल शहराच्या अलीकडे एसटीच्या खिडकीतून तो वास आत आला. गोड, आंबूस, किंचित डोक्यात चढणारा. समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला. कंडक्टर हसून म्हणाला, "पडाले लागला वाटते." सगळी गाडी जराशी खुशीत आली. मी मात्र मांडीवरची बॅग घट्ट धरली. मोह पडायला लागला की गेल्या वर्षापासून माझं असंच होतं. लोकांना या वासाने गुंगी येते, लहानपण आठवतं. मला भोंगा ऐकू येतो.

बॅगेत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये एक अर्धवट फाइल. तिचं नाव रीडमी. आता रीडमी म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण माझ्या आईलाही ते अजून पटलेलं नाही. कोणतंही सॉफ्टवेअर कोणाच्या हाती द्यायचं तर त्याच्यासोबत एक साधी मजकुराची फाइल देतात. हे काय आहे, कसं चालू करायचं, अडलं तर काय करायचं, एवढंच त्यात असतं. ती लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. नागपूरच्या एका छोट्या कंपनीसाठी चंद्रपूरच्या भाड्याच्या खोलीत बसून मी ती लिहिते. गावात मात्र मी 'कंप्युटर बनवते'. आईला एकदा नीट समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे मशीन दुसऱ्यानं बनवाची अन् तू सांगाचं का बटन कुठी आहे. एवढ्यासाठी तुले पगार देतेत?" देतात बाई, काय करणार.

रीडमी कोणी वाचत नाही, हे आमच्या धंद्यातलं उघडं गुपित. एका राईस मिलच्या वजनाच्या सॉफ्टवेअरची रीडमी मी जीव ओतून लिहिली होती. तिथून दर दोन दिवसांनी फोन यायचा, "मॅडम, चालूच नाई होऊन राह्यलं." उत्तर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असायचं. मी तीच ओळ फोनवर वाचून दाखवायची, पलीकडून "अरे हो" यायचं, आणि परत तेच. तरी मी लिहिते. खरं सांगायचं तर मला त्यातली भाषा आवडते. संगणक चालू करा. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा. घाई करू नका. घरात माझं कोणी काडीचं ऐकत नाही, फाइलीत मात्र मी सगळ्यांना आज्ञा सोडत असते.

आमचं गाव जंगलाला अगदी टेकलेलं आहे. शेवटच्या घरामागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यांच्यापलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे मोहाची झाडं. कोणतं झाड कोणत्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तशी सगळी झाडं सरकारची, पण सरकार काही पहाटे टोपली घेऊन येत नाही. फूल गळतं ते पहाटे. उजाडता उजाडता वेचलं नाही तर चितळं खातात, गुरं खातात, अस्वल तर झाडाखाली मुक्कामच ठोकतं. म्हणून बाया अंधार विरळ व्हायच्या आत निघतात आणि वाकून वाकून वेचतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. हे वाक्य आमच्याकडे कोणी सुस्कारा टाकून म्हणत नाही, पावसाळ्यात छत्री घ्यावी अशा सुरात म्हणतात. हंगामात आजूबाजूच्या कुठल्या तरी गावाहून बातमी येतेच. मग एक-दोन दिवस टोपल्या भिंतीला टेकून असतात, आणि परत निघतात.

गेल्या वर्षी आमच्याच कंपनीने नाल्याच्या वाटेवर कॅमेरे लावले. कॅमेऱ्यात वाघ किंवा अस्वल दिसलं की समाजमंदिरातल्या संगणकावर लाल चौकट येते आणि छतावरचा भोंगा आपोआप वाजतो. आपलंच गाव, आपलीच आई. ती रीडमी मी मराठीत लिहिली, मोठ्या अक्षरांत, एकही अडचणीचा शब्द न ठेवता. त्यात एक ओळ होती, दिवसातून एकदा भोंगा वाजवून तपासा. आणखी एक होती, जनावर दूर गेल्याची खात्री होईपर्यंत भोंगा बंद करू नका, कोणीही सांगितले तरी. ही ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गावातले पुढारी होते. झोपमोड झाली की ते कोणालाही काहीही बंद करायला लावतात. म्हणून 'कोणीही' हा शब्द मी ठळक केला.

यंत्राची जबाबदारी पुरुषोत्तमभाऊंकडे आली. समाजमंदिराला लागूनच त्यांची पिठाची चक्की आहे. भुवयांवर कायम पीठ, बोलणं कमी, आणि एकदा हो म्हटलं की हो. मी लिहिलेली रीडमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा हा माझ्या आयुष्यातला पहिला माणूस. त्यांनी ती छापून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि संगणकाच्या वर खिळा ठोकून टांगली. मला इतका आनंद झाला की मी त्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

हंगाम भरात आल्यावर मीही लॅपटॉप घेऊन गावी गेले. आंगणभर मोह वाळत घातलेला, पाय ठेवायला जागा नाही. खाटेवर बसून काम करायचं आणि मधून मधून कोंबड्या हाकलायच्या. पहिल्याच पहाटे भोंगा झाला. आधी खालच्या आवाजात घरघर, मग चढत चढत छाती दडपून टाकणारा आवाज. मी धडपडत उठले, पायाने पाण्याचा गुंड सांडला. आई डोक्याला फडकं बांधत शांतपणे उभी होती, काखेत टोपली.

"माय, भोंगा!"

"हो ना. येतं तं चाल, उशीर होऊन राह्यला."

"अवं, वाघाचा भोंगा आहे तो!"

"वाघाचा नाई व, पुरुषोत्तमचा आहे. रोज वाजवते तो."

गल्लीत दारं उघडत होती. बांगड्या वाजत होत्या, कोणीतरी कोणाला तरी चिडवून हसत होतं. शेजारची शेवंताकाकू मला पाहून थांबली. "लय चांगलं काम केलं माय तुह्या कंपनीनं. आता कोनाचीच पहाट नाई चुकत." आणि सगळ्या मिळून जंगलाकडे निघाल्या. जंगलात जाऊ नका हे सांगायला लावलेला भोंगा ऐकून. मी उंबऱ्यात उभी राहिले. हसावं की बोंबलावं ते कळेना. त्या परत येईपर्यंत तिथून हलले नाही.

ऊन वर आल्यावर मी चक्कीवर गेले. पुरुषोत्तमभाऊ पट्टा चढवत होते.

"भाऊ, भोंगा पहाटेच काऊन वाजवता?"

"तुमच्या कागदात लिहून आहे ना जी, दिवसातून एकदा. मंग दिवस जवा सुरू होते तवाच वाजवतो. मांगून चक्कीवर गर्दी होते. इसरलो तं?"

"अन् खरा वाजला तर वळखाचा कसा?"

"पयले मी चाचणीचा थोडासाच वाजवत होतो. पन तिकडच्या टोलीवरच्या, त्या दूरच्या वस्तीतल्या, बाया भांडाले आल्या, आमाले ऐकू नाई येत म्हने. तवापासून लांब वाजवतो." मग अगदी प्रामाणिकपणे, "किती वेळ वाजवाचा ते कागदात नाई आहे."

नव्हतंच. माझ्या वाक्यात चूक काढून दाखवा म्हटलं असतं तर कोणालाही काढता आली नसती. दिवसातून एकदा तपासा, ही ओळ जगातल्या निम्म्या रीडम्यांमध्ये असते. ज्याने ती पहिल्यांदा लिहिली, त्याचा दिवस उजेडात आणि चहाने सुरू होत असणार. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत दिवस अंधारात आणि जंगलात सुरू होतो. मला भयंकर राग आला. नेमका कोणाचा ते ठरवता येईना, म्हणून मी घरी येऊन आईवर चिडले.

त्याच दिवशी मूलला जाऊन नवी रीडमी छापून आणली. चाचणी दुपारी, जेवणानंतर, अगदी थोडा वेळ. पहाटे भोंगा वाजला तर तो खरा समजा, घराबाहेर पडू नका. भाऊंनी जुना कागद काढून नवा पिशवीत घातला, घरोघरी जाऊन सांगितलंसुद्धा. दुसऱ्या पहाटे भोंगा झाला नाही आणि अख्खं गाव गाढ झोपून राहिलं. बाया पोचल्या तेव्हा चितळांची न्याहारी आटोपली होती. आईने टोपली माझ्यासमोर ठेवली, तळाला चार फुलं. "घे. तुह्या कागदानं एवढं ठेवलं." शेवंताकाकूने आमच्या दारावरून जायचं सोडलं.

मग बाया एकमेकींना हाका मारून उठू लागल्या. कसंबसं जमत होतं. मी मात्र रोज पहाटे आधीच जागी असायची. अंधारात आईच्या बांगड्या ऐकत पडून राहायची. फार भीती वाटायची. पण मला भीती वाटते, असं म्हणायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून मी दुसरंच काहीतरी बोलायची. चप्पल घाल, काठी घे, काकूच्या सोबतच राह्य. आई दारातून म्हणायची, "हेबी लिहून दे कागदावर."

आणि एका पहाटे भोंगा वाजला.

दारं उघडली. मला वाटलं होतं, घरं गप्प होतील, कड्या लागतील. गल्लीत हसणं ऐकू आलं. "पुरुषोत्तमले अक्कल आली व!" शेवंताकाकू ओरडली. कागद बदलला होता, कान बदलले नव्हते. भोंगा म्हणजे निघा, हे त्यांच्या पायांत जाऊन बसलं होतं, आणि पायांतलं काढायला माझ्या फाइलीत कुठली ओळ नव्हती. मी आईला अडवायला वळले, तर ती दारात नव्हतीच. माझं तोंड पाहायला नको म्हणून पहिल्या आवाजालाच निघून गेली होती.

समाजमंदिर जवळ होतं, मी तिकडे धावले. पडद्यावर लाल चौकट. चौकटीत नाल्याची वाट, करडी, धुरकट, आणि वाटेवर ते पट्टे. तोंड मोहाच्या झाडांकडे. पुरुषोत्तमभाऊ संगणकासमोर उभे होते.

"भाऊ, बंद करा! बाया निघाल्या. माझी हाक ऐकू नाई जाऊन राह्यली त्याईले!"

"बंद कसा करू जी? वाघ आहे."

"म्हणूनच तं म्हणते, बंद करा!"

त्यांनी भिंतीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "कोनीही सांगितलं तरी बंद करू नका, लिहून आहे."

"ते मीच लिहिलं ना भाऊ!"

"तेच तं म्हनतो मी."

त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण अशा वेळी धरायला माणसाला काहीतरी लागतं, आणि त्यांच्या हाताशी माझा कागद होता. ठळक केलेला तो शब्द माझ्याकडे बघत होता. भांडायला वेळ नव्हता. मी पळत सुटले.

बांध्यांच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, मी अनवाणी धावत होते. धानाची धसकटं तळव्यांत घुसत होती. पाठीमागे भोंगा, पुढे डोक्यांवरच्या टोपल्यांची रांग नाल्यात उतरायला लागलेली. मी माय, माय ओरडत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. सगळ्यात मागे शेवंताकाकू होती. तिने वळून पाहिलं आणि हात हलवला. लवकर ये, असा. इतक्या दिवसांचा अबोला सोडून तिने मला बोलावलं, तेही नेमकं तिकडे.

तेवढ्यात भोंगा बंद झाला.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण धापेमुळे आवाजच फुटेना. आणि नाल्यापलीकडून, मोहाच्या झाडांवरून वानर खेकसलं. खॅक्. खॅक्. मग चितळाची ती टोकदार हाक, एकामागून एक. कधीची चालली होती कोण जाणे. भोंग्याखाली कोणालाच ऐकू आली नव्हती. आमच्या बाया लहानपणापासून ज्या आवाजावर पाय थांबवत आल्या, तोच आवाज आमच्या यंत्राने बुजवून टाकला होता.

रांग थांबली. काकूने डोक्यावरची टोपली हळूच कमरेवर घेतली. सगळ्यांच्या पुढे आई होती, तिचा एक पाय नाल्याच्या रेतीत टेकलेला. तिने मागे न बघता हात वर केला आणि सगळ्या जणी जंगलाकडे तोंड ठेवून पाऊल पाऊल मागे सरकू लागल्या. आई माझ्यापर्यंत आली तेव्हा तिने माझं मनगट धरलं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही. दारात आल्यावर म्हणाली, "चप्पल काऊन नाई घातली?"

उजाडल्यावर जंगल खात्याचा गार्ड आला, त्याच्यासोबत आम्ही गेलो. आमच्या झाडाखाली आईने पाला जाळून जागा साफ केली होती. वेचायला सोपं जावं म्हणून सगळेच जाळतात, जाळायची बंदी आहे हेही सगळ्यांना माहीत असतं. त्या राखेत पंजे उमटले होते, स्वच्छ, बोटं मोजावीत असे. त्यांच्यावर ताजी फुलं पडली होती. गार्ड एकीकडे फोटो काढत होता आणि एकीकडे पाला जाळल्याबद्दल आईला झापत होता. आई म्हणाली, "जाळलं नसतं तं दिसलं असतं का तुमाले?" सगळे हसले. मी झाडाच्या मागे जाऊन खाली बसले.

परत येताना पुरुषोत्तमभाऊ चक्कीच्या पायरीवर बसलेले दिसले. चक्की बंद. मांडीवर खिळ्यावरून काढलेली ती पिशवी.

"कागदात नव्हतं, पन बंद केला," ते म्हणाले. "चुकलं का जी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तुम्ही पळत गेल्या. मले वाटलं, निदान तुमची हाक तरी तथपर्यंत जावी." हाक गेलीच नव्हती, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. त्यांनी खिशातला पेन काढून माझ्यापुढे धरला. "हेबी लिहून ठेवा. उद्या माह्या जागेवर दुसरा राह्यला तं त्यानं काय करावं?"

पिठाच्या पोत्यावर कागद ठेवून मी लिहायला बसले आणि सुचेना. बंद करा असं लिहू? केव्हा? कोणी सांगितलं तर? 'कोणीही' खोडलं आणि त्या जागी काय घालायचं ते तिथे बसून मला ठरवता आलं नाही. शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरांत एवढंच लिहिलं की भोंगा थोडा वेळ वाजू द्या, मग बंद करा आणि ऐका. तोच कागद वर्षभर त्या खिळ्यावर आहे, पिठाच्या बोटांसकट.

आता हे कॅमेरे आणखी गावांत जाणार आहेत, पार आरमोरीकडच्या जंगलापर्यंत. तिथल्या चक्कीवाल्याला, अंगणवाडीच्या बाईला मी ओळखत नाही. तिथे माझी आई नाही आणि धुऱ्यावरून पळायला मीही नसणार. तिथे फक्त ती फाइल असेल. पूर्वी मी एका दमात लिहायची, आता एकेका ओळीशी अडखळते. हे वाचताना बाहेर उजेड असेल का? कोणाचा पाय कुठे टेकलेला असेल? कंपनीतल्या सरांना मसुदा पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला. "रीडमी आटोपशीर ठेवा. आणि हे 'ऐका' काय आहे? ही काय पायरी झाली? काय ऐकायचं, किती वेळ ऐकायचं?" मी म्हटलं, "सर, ते वानर ठरवतं." ते खूप हसले. मी हसले नाही. ओळ काढायची असेल तर माझं नावही काढा, म्हटलं, आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ नोकरी जाते की काय म्हणून बसून राहिले. ओळ अजून आहे, नोकरीही आहे.

पण ऐकलं म्हणजे भागलं असंही नाही. वाघ जवळ असून जंगल गप्प असतं, असंही होतं. तेवढं काही मला फाइलीत घालता येत नाही.

यंदा आईने एक सुरू केलंय, मी न सांगता. निघायच्या आधी ती मला फोन लावते आणि काही न बोलता तो आंगणात हात लांब करून धरते. चंद्रपूरच्या खोलीत अंधारात बसून मी कान लावते. आज पहाटे लांबवर एक कुत्रं होतं, कुणाच्या तरी बादलीची कडी वाजली, मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये मी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"आलं का काई ऐकू?"

"नाई."

"मलेबी नाई. मंग जाते."

"माय, चप्पल..."

फोन कट. समोर फाइल उघडी आहे. भोंगा थोडा वेळ वाजू द्या. मग बंद करा. ऐका. त्याच्यापुढची ओळ अजून लिहायची आहे. आई परत आल्याचा फोन आला की लिहीन.